टँपेरेची १३ माणसं

नमस्कार मंडळी! आज एका गेमबद्दल बोलायचंय, खरं म्हणजे तो बनवणाऱ्या माणसांबद्दल. पण आधी घरातला एक प्रसंग सांगते.

माझा भाचा कॉम्प्युटरवर शहर वसवत होता. हायवेपासून एक रस्ता ओढला, दोन्ही बाजूंना घरांसाठी जागा आखली, पवनचक्की उभी केली, नदीवर पाण्याचा पंप बसवला आणि सांडपाण्याचा पाइप सोडला तो नेमका पंपाच्या वरच्या अंगाला. लोक राहायला आले आणि थोड्याच वेळात घराघरांवर आजारपणाची खूण दिसायला लागली, त्याला काही कळेना. मी स्क्रीनजवळ जाऊन बघितलं तर तपकिरी पाणी प्रवाहाबरोबर हळूहळू खाली येऊन सरळ पंपात शिरत होतं! म्हणजे ज्यांनी कोणी हे बनवलंय त्यांनी नदी खरंच वाहती ठेवलीय. मी तिथेच अडकले आणि मग कोण ही माणसं म्हणून शोधत बसले.

गेमचं नाव सिटीज: स्कायलाइन्स. बनवणारा स्टुडिओ फिनलंडमधला, कोलॉसल ऑर्डर. कोलॉसल म्हणजे अवाढव्य, आणि हा गेम २०१५ मध्ये आला तेव्हा स्टुडिओत माणसं होती जेमतेम १३.

हे सगळं घडलं टँपेरे नावाच्या गावात. दोन मोठी तळी, त्यांच्यामधून वाहणारा टामेरकोस्की नावाचा खळाळता प्रवाह, आणि त्या पाण्याच्या जोरावर एकोणिसाव्या शतकात उभ्या राहिलेल्या कापडगिरण्या. फिनलंडची लोकं या गावाला लाडानं मान्से म्हणतात, मँचेस्टरवरून. इथल्या फिनलेसन गिरणीत १८८२ मध्ये विजेचे दिवे लागले, तेव्हा अख्ख्या उत्तर युरोपात ते नवलच होतं. लोकसंख्या आजही अडीच लाखांच्या आसपास, म्हणजे आपल्याकडच्या हिशेबानं लहानच गाव.

तर २००९ मध्ये इथे कोलॉसल ऑर्डर सुरू झालं. कंपनीची प्रमुख मारीना हाल्लिकाइनेन, आणि डिझाइनची धुरा पुढे करोलीना कोर्प्पो हिच्याकडे. मनात पहिल्यापासून एकच, की आपण शहर वसवायचा गेम करायचा. पण मोजक्या माणसांच्या नव्या कंपनीला एवढं मोठं काम कोण देणार? म्हणून त्यांनी शहराचा एकच तुकडा उचलला, वाहतूक. २०११ मध्ये सिटीज इन मोशन आला, त्यात तुम्ही बस, ट्राम, मेट्रोचे मार्ग आखायचे आणि शहरं होती व्हिएन्ना, हेलसिंकी, बर्लिन, ॲमस्टरडॅम. २०१३ मध्ये त्याचाच दुसरा भाग. दोन्ही गेम बाजारात आणले स्टॉकहोमच्या पॅराडॉक्स इंटरॅक्टिव्हनं. फार गाजले नाहीत हे गेम, पण माझ्या मते खरी शिदोरी इथेच बांधली गेली. माणूस घरून निघतो, कुठे जातो, कशानं जातो, वाटेत कुठे अडकतो, हे या मंडळींनी चार वर्षं घोटून घोटून पक्कं केलं.

शहर वसवायच्या गेमसाठी मात्र पॅराडॉक्स बराच काळ तयार होत नव्हती. कारण उघड होतं, त्या प्रांतात सिमसिटी या शहर वसवायच्या जुन्या, नावाजलेल्या गेमचं राज्य होतं, तिच्यासमोर उभं कोण राहणार. मग मार्च २०१३ मध्ये नवी सिमसिटी आली आणि गणित फिरलं. ती खेळायला सतत इंटरनेट लागायचं, पहिल्याच दिवसांत सर्व्हर कोलमडले, पैसे मोजलेली लोकं दारातच ताटकळली, आणि आत गेल्यावर शहरासाठी जागा एवढीशी. खेळणारे नाराज झाले, पण शहर वसवायची भूक काही गेली नव्हती. टँपेरेच्या मंडळींना हवा होता तो हिरवा कंदील आता मिळाला.

१० मार्च २०१५ ला सिटीज: स्कायलाइन्स आला. पहिल्या २४ तासांत अडीच लाख प्रती, साधारण महिन्याभरात १० लाख! १३ माणसांच्या ऑफिसात त्या दिवसांत काय वातावरण असेल, विचार करून बघा.

आता यात एवढं काय होतं ते सांगते, कारण मला सगळ्यात जास्त आवडतं ते हेच. तुमच्या शहरातल्या रस्त्यावर कुठल्याही माणसावर क्लिक करा, त्याला नाव असतं, घर असतं, नोकरीचं ठिकाण असतं, आणि तो खरंच त्या घरून त्या कामावर निघालेला असतो. कारखान्यातून ट्रक निघतो तो माल घेऊन ठरलेल्या दुकानाकडेच जातो, ट्रॅफिकमध्ये अडकला तर दुकान रिकामं राहतं आणि दुकानदार तक्रार करतो. प्रत्येकाचा हिशेब ठेवायचा म्हणजे कॉम्प्युटरवर केवढा भार, म्हणून मर्यादा घातलेल्या, एका वेळी रस्त्यावर जास्तीत जास्त १६,३८४ गाड्या. म्हणजे गावात गर्दी दिसते ती नुसती सजावट नव्हे, ती कोणाची तरी वाट अडलेली असते.

याच्यातूनच काही विलक्षण प्रकार व्हायचे. खेळणारी लोकं त्यातल्या एकाला मृत्यूची लाट म्हणतात. होतं असं की तुम्ही एका दमात मोठी वसाहत आखता, एकाच वेळी शेकडो कुटुंबं राहायला येतात, सगळी साधारण एकाच वयाची. काही वर्षं छान जातात. मग ती सगळी एकदम म्हातारी होतात आणि एकदमच जातात. घराघरावर कवटीची खूण, शववाहिका पुरत नाहीत, आहेत त्या एकमेकींच्या मागे अडकून पडतात, स्मशानं भरतात. उपाय साधा, वसाहत थोडी थोडी वाढवायची. हे कोणी मुद्दाम संकट म्हणून घातलेलं नव्हतं, माणसांना वय दिलं आणि पुढचं आपोआप घडलं, आणि मला वाटतं खरी शहरं चालवणाऱ्यांनीसुद्धा हे एकदा बघावं. बघितलंही काहींनी, स्टॉकहोममध्ये बंदराकाठच्या नव्या वस्तीच्या नियोजनावर चर्चा करताना हा गेम वापरला होता.

दोष नव्हते असं नाही हं. गाड्या निघतानाच आपली लेन ठरवायच्या, त्यामुळे सहा लेनचा रस्ता असला तरी एकाच लेनमध्ये मैलभर रांग आणि बाकीच्या ओस. पण इथे त्यांनी एक शहाणपणाची गोष्ट केली होती. पहिल्याच दिवसापासून गेमची दारं खेळणाऱ्यांसाठी उघडी ठेवली होती, कोणीही मॉड, म्हणजे गेममध्ये आपला बदल किंवा भर, बनवा, आपली इमारत, आपला रस्ता टाका, गेमचं वागणं बदला. मग लोकांनीच ट्रॅफिकचा मॉड बनवला, कुठल्या लेननं कुठे वळायचं ते ठरवता यायला लागलं, हजारो इमारती आल्या, पूल आले. १३ जणांना जे जन्मात जमलं नसतं ते खेळणाऱ्यांनी हौसेनं केलं.

मग दरवर्षी भर पडत गेली. २०१६ मध्ये स्नोफॉल आला, त्यात बर्फ, बर्फ हटवणाऱ्या गाड्या, घरं गरम ठेवायची पाइपलाइन आणि ट्राम. गंमत बघा, खुद्द टँपेरेच्या रस्त्यावर ट्राम धावली ती ऑगस्ट २०२१ मध्ये! २०२२ पर्यंत गेमच्या १ कोटी २० लाख प्रती विकल्या गेल्या होत्या.

आणि मग दुसरा भाग. याबद्दल बोलताना मला खरंच वाईट वाटतं. ऑक्टोबर २०२३ मध्ये सिटीज: स्कायलाइन्स २ आला, स्टुडिओ तेव्हा साधारण ३० माणसांचा, नकाशा कितीतरी मोठा, अर्थव्यवस्था जास्त खोल, सगळंच जास्त. गेम हवा तसा वेगात चालत नाही हे त्यांनी आधीच जाहीर केलं होतं, कन्सोलची, म्हणजे टीव्हीला जोडायच्या गेमच्या यंत्रांची, आवृत्ती पुढे ढकलली होती, पण कॉम्प्युटरची तारीख मात्र बदलली नाही. महागड्या मशीनवरसुद्धा गेम रखडायला लागला. लोकांनी आत शिरून तपासलं तर काय, मुंगीएवढ्या दिसणाऱ्या नागरिकांच्या तोंडात एकेक दात कोरलेला, आणि कॉम्प्युटर लांबूनसुद्धा तो प्रत्येक दात रेखाटत बसलेला. शिवाय मॉड्सचं दार यावेळी पहिल्या दिवशी बंद होतं, ते उघडलं मार्च २०२४ मध्ये. मला विचाराल तर दातांपेक्षा हे जास्त महागात पडलं, कारण पहिल्या वेळी जी हजारो माणसं त्यांच्या बाजूनं राबली, ती यावेळी पाच महिने बाहेर उभी होती.

त्याच महिन्यात समुद्रकिनाऱ्याच्या घरांची एक पैसे देऊन घ्यायची भर आली, लोक प्रचंड चिडले, आणि एप्रिलमध्ये हाल्लिकाइनेन आणि पॅराडॉक्सनं मिळून माफी मागितली, पैसे परत द्यायचं ठरवलं. पुढे दीड वर्ष दुरुस्त्या चालूच राहिल्या, गेम बराच सुधारला.

नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झालं की पॅराडॉक्स आणि कोलॉसल ऑर्डर वेगळे होतायत. १५ वर्षांची सोबत संपली. गेमचे हक्क पॅराडॉक्सचे, त्यामुळे शहर तिकडेच राहिलं, ते वसवणारे बाहेर पडले, आपल्या नव्या कामासाठी. २०२६ पासून गेम सांभाळायला दिला आइसफ्लेक स्टुडिओकडे, आणि हा स्टुडिओसुद्धा टँपेरेचाच! म्हणजे चाव्या गावातल्या गावातच दुसऱ्या घरी गेल्या.

निघण्याआधी कोलॉसल ऑर्डरनं आणखी एक अपडेट द्यायचं कबूल केलं होतं. खेळणारे दोन वर्षं जे मागत होते तेच त्यात होतं, सायकली.

ऐकत राहा, नमस्कार.