रिपोर्ट आणि पहिली गोळी यांच्यामधला खर्च

मंडळी, क्षयरोगाच्या सरकारी पोस्टरवर एक वाक्य हमखास असतं : तपासणी मोफत, उपचार मोफत. ते खोटं नाही. थुंकी तपासायला पैसे पडत नाहीत, सहा महिन्यांच्या गोळ्याही फुकट. पण या दोन ‘मोफत’च्या मधल्या वाटेवर पैसा लागतो. तो कुणी भरायचा, एवढाच आजचा विषय.

भारताच्या २०१३ सालच्या परिस्थितीचा एक अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या अंदाजानुसार सरकारी यंत्रणेत निदान झालेले रुग्ण सुमारे १६ लाख ३० हजार, आणि उपचारासाठी नोंद झालेले १४ लाख २० हजार. म्हणजे दोन लाखांहून जास्त माणसं मधेच गळाली. बरं, ती शोधायची राहिली होती असंही नाही. सापडलेली होती!

साधा हिशेब मांडू. एक रुग्ण शोधायला दोन हजार रुपये लागतात असं धरा. आकडा निव्वळ सोयीचा आहे. शंभर सापडले, दोन लाख खर्च झाले. तेरा जणांनी औषध सुरूच केलं नाही, तर २६ हजार पाण्यात. त्या तेरांना गाठायला माणशी दीड हजार पडले तरी नवे तेरा शोधण्यापेक्षा ते स्वस्तच. आपण मात्र सरासरी काढतो, आणि सरासरीत फसतो. दवाखान्याजवळ राहणारा रुग्ण एका फोनवर येतो. खर्च होतो तो उरलेल्यांवर.

ते उरलेले कोण? बीडचं ऊसतोड जोडपं घ्या. दिवाळीच्या सुमारास थुंकीचा नमुना दिला. रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तोवर टोळी कोल्हापूरकडे किंवा थेट कर्नाटकात निघालेली. रजिस्टरमधला मोबाइल शेजाऱ्याचा, पत्ता ‘मारुतीच्या देवळामागे’. एसटीएस, म्हणजे क्षयरोग कार्यक्रमाचा उपचार पर्यवेक्षक, मोटारसायकल काढून गावात जातो तर दाराला कुलूप. मग मुकादमाचा नंबर मिळवा, कारखाना कोणता ते विचारा, तिकडच्या एसटीएसला कळवा. क्षयरुग्णांची सरकारी नोंद जिथे होते त्या निक्षय पोर्टलवर रुग्णाची बदली दाखवणं मिनिटाचं काम. फडात जाऊन त्याच्या हातात गोळ्या ठेवणं अर्ध्या दिवसाचं. आणि रुग्णानं स्वतःहून दवाखाना गाठायचा म्हटलं, तर त्या दिवसाचा खाडा पडतो. उचल आधीच घेतलेली, खाडा त्यातून कापला जाणार. बाई आजारी असेल तर नवऱ्याचाही दिवस जातो, कारण कोयता जोडीचा असतो. याला आपण निष्काळजी रुग्ण म्हणतो, हे मला पटत नाही.

निक्षय पोषण योजनेत क्षयरुग्णाला आहारासाठी नोव्हेंबर २०२४ पासून महिन्याला १००० रुपये मिळतात, आधी ५०० होते. वाढ चांगलीच आहे. पण ते पैसे नोंद झाल्यावर, बँक खातं जोडल्यावर येणार. पहिल्या फेरीचं भाडं आजच हवं.

काही ठिकाणी ही वाट मुळातच आखूड करता येते. आपल्या शेजारी गोव्यात तयार होणारं, थुंकीतला क्षय तपासणारं ट्रूनॅट यंत्र बॅटरीवर चालतं, प्राथमिक आरोग्य केंद्रात ठेवता येतं, आणि रिपोर्ट त्याच दिवशी हातात पडू शकतो. रुग्ण घरी परतायच्या आत औषध सुरू झालं, तर शोधाशोधीचा प्रश्नच उरत नाही. अर्थात यंत्रापाशी माणूस हवा आणि कपाटात गोळ्या हव्यात.

आता मानधनाची रचना बघा. संशयित रुग्ण पाठवला आणि निदान झालं, तर पाठवणाऱ्याला ५०० रुपये. उपचार पूर्ण करवून घेतले, तर आशाताईला किंवा उपचार-साहाय्यकाला १०००. खाजगी डॉक्टरला नोंद केल्याचे ५०० आणि शेवटी निकाल कळवल्याचे ५००. सुरुवातीला पैसे आहेत, शेवटी आहेत. सगळ्यात जास्त पायपीट मधल्या आठवड्यात, तिथे काही नाही. माझी सूचना अशी : त्या १००० मधले ३०० पहिली गोळी दिली त्या दिवशीच द्या, आणि रुग्ण जिल्ह्याबाहेर गेलेला असेल तर ते तिकडच्या आशाताईला द्या. शिवाय तालुक्याला थोडी रोख रक्कम असू द्या, रुग्णाच्या एसटीच्या तिकिटासाठी आणि बुडालेल्या मजुरीसाठी. पावती मागू नका. फडात पावती कोण देणार?