बीडाचा भुगा आणि ड्युकोवरचा पाऊस

नमस्कार श्रोतेहो. बेळगावात पाऊस लागला की उद्यमबागेतले, म्हणजे तिथल्या कारखान्यांच्या वसाहतीतले रंगारी मिस्त्री वैतागतात. मशिनीच्या पत्र्यावर ड्युको हा चकचकीत रंग मारावा, तर तासाभरात त्यावर दुधाळ पांढरट डाग. थिनर भराभर उडतो, पत्रा गार पडतो आणि हवेतली ओल रंगाच्या थरात शिरते. मिस्त्रींच्या लेखी ते काम वाया गेलेलं असतं. मी मात्र असे पत्रे मागून घरी आणतो आणि त्यांवर चित्र सुरू करतो. आज बोलायचंय ते चित्रातल्या अशा योगायोगाबद्दल.

ड्युको हा शब्द आपल्याकडे सुताराच्या तोंडीही आहे. मूळचा तो मोटारींचा रंग. मेक्सिकोचे भित्तिचित्रकार सिकेरोस यांनी 1936 साली न्यूयॉर्कच्या आपल्या कार्यशाळेत हाच रंग चित्राला वापरला. तैलरंगाची महागडी ट्यूब बाजूला ठेवली आणि डब्यातून रंग सरळ फळीवर ओतला. एका रंगावर दुसरा, जास्त जड रंग ओतला की वरचा खाली बुडतो, खालचा त्याला चिरत वर येतो आणि पेशींसारखी जाळी उमटते. ती जाळी नेमकी कशी पडेल हे कुणाला सांगता येत नाही. पण कोणता रंग जड आणि कोणता हलका, हे ओतणाऱ्याला पक्कं ठाऊक असावं लागतं. त्या कार्यशाळेत चोविशीतला अमेरिकन चित्रकार जॅक्सन पोलॉक होता. पुढे 1947 पासून त्यानं कॅनव्हास जमिनीवर अंथरला आणि दारं-खिडक्यांना मारायचा साधा ऑइलपेंट काडीनं त्यावर सोडला. त्यात चंदेरी ॲल्युमिनियम पेंटही असायचा, आपण पत्र्याच्या टाकीला मारतो तसलाच. आणि गंमत म्हणजे आपल्या चित्रात अपघात नसतो, असं तो ठासून सांगायचा.

इटलीचे चित्रकार बुर्री तर पेशानं डॉक्टर. दुसऱ्या महायुद्धात टेक्सासच्या कैदी छावणीत त्यांनी चित्रं काढायला घेतली, हाताशी होतं ते गोणपाट. सुटून आल्यावरही गोणपाट सुटलं नाही. फाटलेलं, शिवलेलं, ठिगळाचं. निपाणीच्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. तंबाखूचं रिकामं बोद, म्हणजे गोणपाटाचं पोतं, मी एकदा ताणून चौकटीवर ठोकलं, तर रंग लावायच्या आधीच खोलीभर वास! दोन महिने तो गेला नाही. चित्र विकलंही गेलं नाही, ते सोडा.

माझं आवडतं सामान म्हणजे बीडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा भुगा. ओतीव बीड लेथवर घेतलं की पोलादासारखी लांब वेटोळी निघत नाहीत, काळा चुरा पडतो. तो मी कापडावर पसरतो, मिठाचं पाणी शिंपडतो आणि रात्रभर सोडतो. सकाळी नारिंगी, तपकिरी, मधूनच जांभळट गंज. जिथं थेंब साचला तिथं गडद. मात्र गंज कापडाला खातो, म्हणून आधी अस्तराचे, म्हणजे प्रायमरचे दोन हात द्यावेच लागतात. पहिल्या वर्षी हे माहीत नव्हतं; ती कापडं आता बोट लावलं तरी तुटतात.

तेव्हा योगायोग म्हणजे डोळे मिटून रंग फेकणं नव्हे. आपण सामान मांडायचं, त्याच्या स्वभावाला वाव द्यायचा आणि सकाळी काय ठेवायचं, काय खरवडायचं ते बघायचं. आपले चित्रकार वासुदेव गायतोंडे रोलरनं रंग पसरायचे, कागदाचे तुकडे दाबून उचलायचे. पण एकेका चित्राआधी किती दिवस नुसते बसून असायचे!

मागच्या पावसात एक मिस्त्री घरी आले. भिंतीवरच्या पत्र्यापुढे उभे राहिले आणि म्हणाले, “काय करूल्यास रे हे?” मी सांगायला लागलो, तर हातानं थांबवलं. पांढऱ्या डागावर बोट ठेवून म्हणाले, “थिनर हलका होता.” मग खालच्या कोपऱ्यातल्या एका ओघळाकडे वाकून बघितलं. “हा मात्र पडलेला न्हवं. हा तू ब्रशनं काढलायस.”

खरंच होतं. तो कोपरा रिकामा वाटला म्हणून मी तिथं एक ओघळ रंगवला होता. शेवटी थेंब जाड होतो, माझा निमुळता झाला होता. मिस्त्री चहा पीत होते तोवर मी खरवडायची पत्री घेऊन तो ओघळ काढून टाकला.