जाब वरच्याला

(दृश्य: धानोरा तालुका, जुलै. बांधीत रोवणी सुरू. धुऱ्यावर आशाताई, हातात गोळ्यांचं पाकीट.)

"ताप तं गेला न पोरी, आता गोळी कायले?"
"काकाजी, माह्यासमोर गिळा, मंग जा बांधीत."

निवेदक: गडचिरोलीत पावसाळाभर हेच ऐकू येतं. ताप दोन-तीन दिवसांत उतरतो; पण व्हायवॅक्स जातीचा मलेरिया असला तर यकृतात दडलेले जंतू मारणारी प्रायमाक्विनची गोळी 14 दिवस घ्यावी लागते. रोवणीच्या धांदलीत एवढी सबुरी कुणाला?

अशाच टाळलेल्या गोळीपायी एक अख्खी फौज जेरीस आली होती.

(दृश्य: जुनी छायाचित्रं. ब्रह्मदेशाच्या सरहद्दीवरचं जंगल.)

1943, दुसरं महायुद्ध. ब्रिटिश जनरल विल्यम स्लिम यांच्या हाती चौदावी आर्मी आली. त्यातले बहुतेक जवान भारतीय. एक जण जखमी होऊन दवाखान्यात जाई, तेव्हा 120 जण आजारानं तिथं दाखल झालेले असत. जपान्यांशी लढणार कोण? मलेरिया रोखणारी मेपाक्रिनची गोळी होती, ती रोज घ्यायचा हुकूमही होता. पण गोळीनं कातडी पिवळी पडे. वर मर्दानगी जाते अशी आवई. त्यामुळे टाळाटाळ.

स्लिमनी मग अचानक अख्ख्या पलटणीचं रक्त तपासायला लावलं. 95 टक्क्यांपेक्षा कमी जणांत औषध सापडलं, की पलटणीचा कमांडिंग ऑफिसर पदावरून दूर. तिघांना काढलं, तेवढ्यावर बाकीचे समजले.

मला यातली खरी मेख ही वाटते: जाब गोळी टाळणाऱ्या जवानाला नाही, त्याच्या वरच्याला. आपल्याकडे कारभार सुधारायचा म्हटलं की आधी फलक लागतो, शपथ होते, प्रशिक्षणाला चहा-नाश्ता येतो. आणि आकडे चुकले की बैठकीत उभं राहावं लागतं आशाताईंनाच.

स्लिमनी दवाखानाही हलवला. पूर्वी रुग्ण शेकडो मैल मागे भारतात जाई, आणि महिनोन्‌महिने परतत नसे. आता आघाडीपासून काही मैलांवर तंबूतच उपचार. जवान काही आठवड्यांत पलटणीत हजर. 1944 मध्ये याच फौजेनं इम्फाळ-कोहिमाच्या लढाईत जपान्यांना हरवलं. 1945 पर्यंत रोज आजारी पडणारे हजारी एकावर आले.

(दृश्य: बोटातून रक्ताचा थेंब, तपासणीची पट्टी.)

आशाताईंच्या पिशवीतली ही मलेरिया तपासायची पट्टी आघाडीवरच्या त्या तंबूच्याच जातीची. वीसेक मिनिटांत निदान, तिथंच धुऱ्यावर. पट्ट्या संपल्या, की रक्ताची काच लांबच्या प्रयोगशाळेत जाते, अन् तोवर काकाजी तापातच रोवणी करतात. पट्ट्या वेळेवर का आल्या नाहीत, हे आशाताईंना विचारून काय उपयोग?