पन्नास डॉलरची गिटार आणि पंकवरचं भांडण

श्रोतेहो, नमस्कार.

सप्टेंबर २०२१ मध्ये अमेरिकेत बॉस्टनच्या एका लिलावगृहानं एक पांढरी इलेक्ट्रिक गिटार विकली. किंमत आली ९,३७,५०० डॉलर, म्हणजे तेव्हाच्या भावानं सात कोटींच्या घरात. गिटार मोझराइट कंपनीची, १९६५ सालची. मॉडेलचं नाव व्हेंचर्स टू. त्या कंपनीच्या मालातलं हे स्वस्तातलं मॉडेल, सपाट लाकडाचं, फारसं कोरीवकाम नसलेलं. वाजवणारा होता जॉनी रमोन, न्यूयॉर्कच्या रमोन्स या पंक रॉक बँडचा. पंक म्हणजे सत्तरच्या दशकातलं छोट्या, जलद, साध्या गाण्यांचं रॉक. १९७७ पासून १९९६ मध्ये बँड थांबेपर्यंत त्यानं ती वाजवली. त्याआधीची त्याची निळी मोझराइट चोरीला गेली होती. ती त्यानं १९७४ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅनीज नावाच्या दुकानातून पन्नासेक डॉलरला उचलली होती. तीच का? तर परवडत होती, आणि बाकी कुणाच्या हातात ती दिसत नव्हती.

आता गंमत बघा. पंक रॉक म्हणजे ज्यांना वाजवता येत नाही त्यांचं संगीत, असं छातीठोकपणे सांगणारी माणसं जगभर आहेत आणि पुण्यात तर आहेतच. त्यांच्या मते ज्याला वाजवता येत नव्हतं, त्याच्या गिटारीला सात कोटी!

मी नारायण पेठेत गिटार दुरुस्तीचं काम करतो. फ्रेट म्हणजे मानेवरच्या धातूच्या पट्ट्या बदलणं, पिकअप म्हणजे तारांचं कंपन विजेत बदलणारं वेटोळं गुंडाळणं, मानेचा बाक काढणं, असलं सगळं. माझ्याकडे काम असो नसो, एक निवृत्त इंजिनिअर काका संध्याकाळी येऊन बसतात. पिंक फ्लॉइड आणि डीप पर्पल या रॉक बँडांच्या पुढे त्यांचं संगीत जात नाही. आणि एक कॉलेजातली मुलगी येते, तिचा तीन जणांचा पंक बँड आहे. हे दोघं एका वेळी आले की माझं सोल्डर गार होतं. परवाचंच सांगतो. कॉर्ड म्हणजे एकदम छेडलेल्या काही सुरांचा गुच्छ, एवढं लक्षात असू द्या. काका म्हणाले, "तीन कॉर्ड येतात तुम्हाला. तीन! त्यावर जन्म काढायचा?" ती म्हणाली, "काका, तुमच्या त्या वीस मिनिटांच्या गाण्यात मला कॉर्ड मोजता येतात, पण कंटाळा मोजता येत नाही."

दोघांचंही मला थोडं थोडं पटतं. म्हणून आधी काकांच्या बाजूनं बोलतो. पंकच्या नावाखाली जे निघालं त्यातलं बरंचसं मला आजही ऐकवत नाही. नुसता आव आणि आरडाओरडा. लोकांना झोंबावं म्हणून शर्टावर स्वस्तिक मिरवणं, हिटलरचं ते, हा तर निव्वळ पोरकटपणा होता. आणि 'आम्हाला येत नाही तेच बरं आहे' या तोऱ्याचा मला राग येतो, कारण तो खोटा आहे.

खोटा कसा, ते सांगतो. रमोन्सचा पहिला अल्बम १९७६ मध्ये आला. चौदा गाणी, सगळी मिळून अर्ध्या तासाच्या आत संपतात. त्यात जॉनी रमोनचा उजवा हात ऐका. गिटारवर साधारणपणे पिक, म्हणजे तारा छेडायचा चिमुकला तुकडा, वरून खाली आणि खालून वर, असं आळीपाळीनं चालवतात, म्हणजे हाताला विसावा मिळतो. हा माणूस फक्त वरून खाली मारायचा. लय मिनिटाला एकशे सत्तर-ऐंशी ठोक्यांची, आणि एका ठोक्यात दोन आघात. म्हणजे सेकंदाला जवळपास सहा, तेही सगळे एकाच वजनाचे. अख्खा कार्यक्रमभर. दोन गाण्यांमध्ये थांबणं जवळजवळ नाहीच. सवाईला सतारीचा 'झाला', म्हणजे शेवटचं ते जलद वादन, चढत गेला की आपण माना डोलावतो, टाळ्या पिटतो. झाल्यामागे रागाची बढत असते आणि इथे ती नसते, हे मान्य. पण मनगटाची तयारी ही मनगटाची तयारीच. घरी गिटार असेल तर दोन मिनिटं करून बघा. कोपरापासून भरून येतं.

काकांना मी आणखी एक गोष्ट सांगितली, त्यावर ते गप्प बसले. म्हणजे त्यांच्या मानानं गप्प. सेक्स पिस्टल्स या लंडनच्या पंक बँडचा गायक जॉन लायडन पिंक फ्लॉइडच्या टी-शर्टवर 'मला हे आवडत नाहीत' अशा अर्थाचं खरडून तो घालून फिरायचा, हे पुष्कळांना ठाऊक असतं. पण त्या बँडचा १९७७ चा अल्बम निर्माता म्हणून कुणी घडवला? क्रिस थॉमसनं. आणि १९७३ मध्ये पिंक फ्लॉइडच्या त्या गाजलेल्या अल्बमच्या मिक्सिंगवर देखरेख कुणाची होती? त्याच क्रिस थॉमसची. पिस्टल्सचा गिटारवादक स्टीव्ह जोन्स, त्याच्या गिटारीचे थरावर थर चढवून तो भिंतीसारखा आवाज उभा केलेला आहे, तो काही अपघातानं होत नाही. जोन्सच्या हातातली पांढरी गिब्सन लेस पॉल कस्टमही सेकंड हँड होती. न्यूयॉर्क डॉल्स या बँडच्या सिल्व्हेन सिल्व्हेनकडून पिस्टल्सच्या मॅनेजरमार्फत ती लंडनला आली होती.

इथेच जुन्या गिटारींचा विषय पंकला येऊन मिळतो. आज ज्यांना आपण व्हिंटेज म्हणतो त्या गिटारी सत्तरच्या दशकात नुसत्या जुन्या होत्या, कोपऱ्यात पडलेल्या. गिब्सननं १९५४ मध्ये लेस पॉल ज्युनिअर काढली ती शिकाऊ मुलांसाठी. सपाट महोगनीचा ठोकळा, एकच पिकअप, किंमत शंभर डॉलरच्या आसपास. न्यूयॉर्क डॉल्सच्याच जॉनी थंडर्सनं ती उचलली. फेंडरनं १९५८ मध्ये जॅझमास्टर काढली ती जॅझवाल्यांसाठी, नावातच आहे. जॅझवाल्यांनी तिच्याकडे ढुंकून पाहिलं नाही. मग ती गहाणवटीच्या दुकानांत स्वस्तात मिळू लागली आणि टॉम व्हर्लेन, एल्व्हिस कॉस्टेलो या वादकांच्या गळ्यात आली. पोरांनी निवड केली नव्हती, खिसा पाहिला होता. ब्रिटनमध्ये त्या सुमाराला बेकारांचा आकडा दहा लाखांवर गेला होता, हेही लक्षात ठेवा.

बाजारात गिटारीची किंमत लाकडानं ठरते असं विकणारे सांगतात. थोडं खरं आहे. मिरजेच्या जुन्या तंबोऱ्यात भोपळा आणि लाकूड स्वतः बोलतात, तिथे वय ऐकू येतं. पण भरीव अंगाच्या इलेक्ट्रिक गिटारीत आवाजाचा मोठा हिस्सा पिकअपचा आणि अॅम्प्लिफायरचा. १९५८ ते १९६० मधल्या सनबर्स्ट रंगाच्या लेस पॉल आज तीन-चार लाख डॉलरला जातात. त्या काळी त्या धड खपेनात, म्हणून कंपनीनं ते रूपच बंद केलं. १९६६ मध्ये ब्रिटिश गिटारवादक एरिक क्लॅप्टननं तसली एक लेस पॉल मार्शल अॅम्पला जोडून रेकॉर्ड केली आणि सगळे ती शोधत सुटले. लाकूड तेच, हात बदलले. माझं मत विचाराल तर व्हिंटेजची निम्मी किंमत ही कुणीतरी आधी वाजवून ठेवलेल्या गाण्यांची असते. पंकवाल्यांनी ज्या टाकाऊ गिटारी उचलल्या त्यांचेही भाव असेच चढले. वाजवता न येणाऱ्यांनी बाजार हलवला म्हणायचा.

क्लॅश या पंक बँडच्या जो स्ट्रमरची फेंडर टेलिकास्टर याचा कळस आहे. १९६६ ची गिटार, मूळची सनबर्स्ट. त्यानं तिला मोटारीला मारतात तसला काळा रंग मारून घेतला, वर स्टिकर चिकटवले आणि क्लॅशबरोबर ती झिजेपर्यंत वाजवली. एरवी मूळ रंग खरवडलेल्या जुन्या फेंडरची किंमत निम्म्यावर येते. २००७ मध्ये, स्ट्रमर जाऊन पाच वर्षं होत आली असताना, फेंडरनं त्याच्या नावाची टेलिकास्टर काढली. कशी? कारखान्यात आधीच झिजवलेली, रंग उडवलेली! कोऱ्या गिटारीला पोचे काढून ती जास्त भावात विकायची. हा धंदा पुणेकराला सुचला नाही याचं मला राहून राहून नवल वाटतं.

आपल्याकडे या गिटारी आल्या त्या आडवाटेनं. १९९१ पूर्वी परदेशी वाद्य आणणं म्हणजे परवाने आणि जकातीचं लफडं. ऑर्केस्ट्रातल्या बहुतेकांच्या हाती कोलकात्याच्या गिवसन कंपनीची गिटार असायची. परदेशी गिटार यायची ती बोटीवरच्या खलाशाकडून, कॅम्पातल्या एखाद्या गोवन वादकाच्या घरातून, नाहीतर १९७४ नंतर कोरेगाव पार्कच्या आश्रमात आलेल्या आणि परतीच्या तिकिटाला पैसे कमी पडलेल्या एखाद्या गोऱ्याकडून. त्यामुळे माझ्या टेबलावर कधी काय येईल याचा नेम नसतो.

अमेरिकन गिटार आली की पहिल्यांदा मी पट्टी उघडून व्हॉल्यूमचा पॉट, म्हणजे आवाज कमी-जास्त करणाऱ्या बटणाखालचा भाग, उलटा करून बघतो. त्याच्या पाठीवर आकडे छापलेले असतात. समजा ३०४६६१२. यातले ३०४ म्हणजे स्टॅकपोल ही पॉट बनवणारी कंपनी, ६६ म्हणजे १९६६ साल, १२ म्हणजे बारावा आठवडा. पॉट मूळचाच असेल तर गिटार याच्या आधीची असू शकत नाही, नंतरची मात्र असू शकते. फेंडरनं १९६६ मध्ये पॉटचा मोठा साठा भरून ठेवला होता, तो पुढे काही वर्षं पुरला. आणि १९६५ च्या जानेवारीत लिओ फेंडरनं कंपनी सीबीएस या अमेरिकन प्रसारण कंपनीला १ कोटी ३० लाख डॉलरना विकली, त्यामुळे संग्राहक त्या एका रेषेपाशी फार अडून बसतात. लिओ फेंडरला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती, हे जाता जाता सांगतो. मूळचा रेडिओ दुरुस्त करणारा माणूस.

रेडिओवरून आठवलं. मे १९७७ मध्ये राणीच्या रौप्यमहोत्सवाच्या तोंडावर सेक्स पिस्टल्सचं राणीवरचं गाणं आलं आणि बीबीसीनं ते वाजवायला नकार दिला. तरी ते विक्रीच्या यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं. हसायला नको. आपल्या आकाशवाणीनं १९४० पासून १९७१ पर्यंत हार्मोनियमवर बंदी ठेवली होती. कारण दिलं जायचं की पेटीत श्रुती निघत नाहीत, मींड येत नाही, परकं वाद्य आहे. तेव्हा बाहेर महाराष्ट्रात नाट्यसंगीत पेटीवरच चाललं होतं, पुढे अप्पा जळगावकरांची पेटी भीमसेनजींच्या साथीला रसिकांनी डोक्यावर घेतली. कुठलं वाद्य, कुठला आवाज संगीतात बसतो याचा निवाडा माइकमागे बसलेल्यांनी करावा, यावर माझा विश्वास नाही. आणि हे मी माइकसमोर बसूनच सांगतोय.

पंकमधली जी गोष्ट मला मनापासून आवडते ती गिटारीबाहेरची आहे. १९७६ मध्ये लंडनच्या मार्क पेरीनं घरी टाइप करून, झेरॉक्स मारून पंकवरचं मासिक काढलं. १९७७ च्या तसल्याच एका पत्रिकेत तीन कॉर्डच्या आकृत्या काढून खाली लिहिलं होतं, आता बँड काढा. मराठी वाचकाला यात नवं काय? आपल्याकडे पन्नाशी-साठीच्या दशकांपासून कवी मंडळी सायक्लोस्टाइल केलेली अनियतकालिकं काढतच होती, मोठे संपादक छापत नाहीत म्हणून. त्यातलंही सगळं काही चांगलं नव्हतं. पण त्या चोपड्या निघाल्या नसत्या तर मराठी कविता आहे तिथे पोचली नसती.

तर त्या मुलीची गिटार. तिच्या आजोबांची, ते गणेशोत्सवात ऑर्केस्ट्रात वाजवायचे. साठच्या दशकातली जपानी टाइस्को, मुंबईला एका खलाशाकडून घेतलेली. सोनेरी पत्रा लावलेलं पिकअप, आज या पिकअपला परदेशात भाव आहे. पण आवाज बंद. तिला त्याजागी हंबकर, म्हणजे दुहेरी वेटोळ्याचं नवं जाडजूड पिकअप, बसवून हवं होतं. काका ओरडले, "अगं, हात लावू नकोस! कपाटात ठेव, दहा वर्षांनी बघ." ती म्हणाली, "वाजत नाही ती काका. काय आरती करू तिची?"

मी पिकअप उघडलं. मल्टिमीटर काहीच दाखवेना. आतली तार केसाइतकी बारीक, हजारो वेढे, आणि बाहेरच्या टोकाला, जिथे ती जाड वायरला जोडलेली असते, तिथे हिरवा गंज. पावसाळ्यांनी खाल्लेली. भिंगाखाली चिमट्यानं वरचे पाच-सहा वेढे सोडवले, इनॅमल खरवडलं, पुन्हा मीटर लावला. आत तार शाबूत. नवं टोक जोडलं, मेणात बुडवलं, म्हणजे मोठ्या आवाजात शिट्टी मारणार नाही. खरखरणारे पॉट बदलले, नवे तपकीर गल्लीतून आणले. जुने एका डबीत घालून तिच्या हातात दिले आणि सांगितलं, हे फेकू नकोस, उद्या विकायची वेळ आली तर हेच मागतील. रंगाला हात लावला नाही. नवं छिद्रही पाडलं नाही.

श्रोत्यांपैकी कुणाच्या माळ्यावर अशी गिटार असेल तर एवढंच करा. तारा सैल करा, गिटारीच्या पेटीत ओल शोषणाऱ्या पुड्या ठेवा, आणि कुणी पॉलिश करून देतो म्हणाला तर नाही म्हणा.

येत्या शनिवारी त्या मुलीचा कार्यक्रम आहे. टाइस्को स्टेजवर चढणार. काकांना विचारलं, येणार का? म्हणाले, "येतो. कापूस घालून येतो. पण पहिल्या रांगेत बसवा, पिकअप कसं वाजतंय ते ऐकायचंय."

नमस्कार.