गाइडलाइन वॉर्डात पोचते का?

नमस्कार. मागे उभे आहेत त्यांनी पुढे या, खुर्च्या आहेत. पुराव्यावर आधारित गाइडलाइन कशा बनवायच्या हा आजचा विषय, त्याकडे येतेच, पण आधी मला पार्ट प्रिपरेशनबद्दल, म्हणजे ऑपरेशनआधी त्या भागावरचे केस काढण्याबद्दल बोलायचंय, ते मला कित्येक वर्षं खुपतंय.

इथल्या बऱ्याच सिस्टर हेच शिकल्यात: उद्या ऑपरेशन, मग आज रात्री साबणाचा फेस करायचा, नवीन ब्लेड लावायचं आणि छातीपासून मांडीपर्यंत सगळं गुळगुळीत. थोडं रक्त आलं तर स्पिरिटचा बोळा, पेशंट स्स करतो, आपण म्हणतो झालंच काका. ब्लेडचे ते बारीक ओरखडे डोळ्यांना दिसतही नाहीत, पण रात्रभरात तिथे जंतू वाढतात आणि सकाळी सर्जन त्याच कातडीवर चीर देतो. डब्ल्यूएचओच्या २०१६च्या गाइडलाइनमध्ये स्पष्ट लिहिलंय, केस काढूच नका, अगदीच गरज असेल तर क्लिपर, म्हणजे केस कापायचं मशीन वापरा, ब्लेड वॉर्डातही नको आणि ऑपरेशन थिएटरमध्येही नको.

एका हॉस्पिटलमध्ये, पुण्यातलंच, नाव नको, मी याबद्दल विचारलं तर इनचार्ज सिस्टरनी कपाटातून फाइल काढली, त्यात याच गाइडलाइनची प्रिंटआउट नीट पंच करून लावलेली. म्हणाल्या, "मॅडम, माहितीये आम्हाला, पण क्लिपर कुठाय?" इंडेंट, म्हणजे स्टोअरकडे मागणीपत्र, परत परत पाठवलेला, स्टोअरचं उत्तर एकच, ब्लेडचे बॉक्स भरपूर शिल्लक आहेत. आणि सकाळी सर्जन विचारणार पार्ट का नाही केला, तेव्हा बोलणी कोण खाणार, तर नाइटची सिस्टर. मला राग आला तो तिथल्या प्रोटोकॉल कमिटीचा. तिच्यात वॉर्डातली एक सिस्टर नाही, स्टोअरचा माणूस नाही!

चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरलीत, तर भराभर सांगते. आधी प्रश्न नेमका हवा: कुठला पेशंट, काय करायचं, कशाच्या तुलनेत, कुठला परिणाम बघायचा. मग पुरावा सगळा शोधायचा, सोयीचा तेवढाच नाही. तो किती खात्रीचा हे ग्रेड नावाच्या पद्धतीने ठरवायचं, हाय, मॉडरेट, लो, व्हेरी लो, आणि शिफारस स्ट्राँग की कंडिशनल हे वेगळं लिहायचं, कारण त्यात फायदा-तोटा, पेशंटचं म्हणणं, खर्च सगळं येतं. शेव्हिंगच्या बाबतीत पुरावा मॉडरेट आहे आणि शिफारस स्ट्राँग. तयार गाइडलाइन तपासायला अ‍ॅग्री टू ही तपासणी-यादी वापरा, ६ विभाग, २३ मुद्दे, त्यात कमिटीत सगळ्या संबंधित व्यवसायांची माणसं आहेत का हे विचारलंय आणि लागणाऱ्या साधनांचा विचार केलाय का हेही विचारलंय, म्हणजे क्लिपर तिथेच यायला हवा होता.

आणि मसुदा झाला की आधी नाइट ड्युटीच्या सिस्टरला वाचायला द्या, जिथे अडेल तिथे तिला पेनाने खूण करू दे, मगच सह्या घ्या. पुढचा रिव्ह्यू कधी, ते पहिल्याच पानावर टाका. बाकी प्रश्नांमध्ये बोलू.