गोव्यात आठवडाभर फीड बंद

ही जुन्या गोव्याच्या धक्क्यावरून दिवाडी बेटावर जाणारी फेरीबोट. मांडवी ओलांडायला हिला काही मिनिटंच लागतात. बोटीवर रोज ये-जा करणारी माणसं कठड्याला टेकून गप्पा मारतायत, मासळीच्या पिशव्या पायाशी ठेवल्यात, कोणाच्या तरी स्कूटरवर गॅसचं सिलेंडर आहे. आणि आपल्याकडचे, म्हणजे पुण्याहून, कोल्हापूरहून, बेळगावहून सुट्टीला आलेले, त्यातल्या बऱ्याच जणांच्या माना फोनमध्ये खाली आहेत. शेजारून नदी चाललीय आणि माणूस चार दिवसांपूर्वीच्या कुठल्यातरी भांडणाच्या कमेंट्स वाचतोय. मला हे बघून वाईट वाटतं, कारण त्या माणसाने वर्षभर रजा साठवलेली असते, तिकिटासाठी तो पहाटे उठलेला असतो, पोरांना शब्द दिलेला असतो.

त्याचा दोष नाहीये हो. एझा रास्किन नावाच्या डिझायनरने 2006 मध्ये न संपणारं स्क्रोल काढलं, त्याआधी पान संपायचं, खाली 'पुढचं पान' असायचं, तिथे हात थांबायचा आणि डोकं विचारायचं की बास का आता. तो थांबा काढून टाकला. पुढे स्वतः रास्किननेच जाहीरपणे सांगितलं की याचा त्याला पस्तावा आहे. 2009 मध्ये फेसबुकवर लाइक आलं, आपल्याकडे 2016 मध्ये जिओ आलं आणि डेटा इतका स्वस्त झाला की फोन बंद करायला पैशाचंही कारण उरलं नाही. हजारो इंजिनियर ज्या गोष्टीवर काम करतात ती आपण नुसत्या निर्धाराने थांबवू असं समजणं म्हणजे स्वतःवर फार ओझं टाकणं. म्हणून माझं म्हणणं इतकंच, की सुट्टीत सोशल मीडिया आणि बातम्या बंद ठेवायच्या तर त्याची तयारी घर सोडायच्या आधी करायची, गोव्यात पोचल्यावर ठरवू म्हटलं की ते होत नाही.

तयारी म्हणजे काय, तर निघायच्या आदल्या रात्री अर्धा तास काढायचा. घरच्या ग्रुपवर एक मेसेज टाकायचा की आम्ही अमुक तारखेपर्यंत व्हॉट्सअ‍ॅप बघणार नाही, काही अडचण आली तर सरळ फोन करा. मग डू नॉट डिस्टर्बमध्ये आई, बाबा, शेजारच्या काकू, ऑफिसातला एक जण, एवढ्यांनाच परवानगी द्यायची. त्यातसुद्धा एक चांगली सोय आहे, आयफोनवर तीन मिनिटांत तोच माणूस दुसऱ्यांदा फोन करत असेल तर रिंग वाजते, अँड्रॉइडवर हेच पंधरा मिनिटांत, ते सेटिंग चालू आहे ना तेवढं बघून घ्यायचं. तिकिटं, रूमचं बुकिंग, आधार कार्ड यांचे स्क्रीनशॉट गॅलरीत ठेवायचे, गोव्याचा नकाशा ऑफलाइन उतरवून घ्यायचा, कारण 'जरा रस्ता बघतो' म्हणून फोन उघडला की पुढचा पाऊण तास कुठे गेला ते कळत नाही. थोडी रोख रक्कम खिशात असू द्या, गावातल्या छोट्या दुकानात तिचा उपयोग होतो. आणि इन्स्टा, फेसबुक, न्यूजची अ‍ॅप्स सरळ काढून टाकायची, अकाउंट कुठे जात नाही, परत आल्यावर पासवर्ड टाकला की सगळं जिथल्या तिथे.

ऑफिसचं काय, हे सगळे विचारतात. फ्रान्समध्ये 1 जानेवारी 2017 पासून कामाच्या वेळेबाहेर मेल न बघण्याच्या हक्काला कायद्यात जागा मिळाली, आपल्याकडे सुप्रिया सुळेंनी 2018 मध्ये लोकसभेत तसं खासगी विधेयक मांडलं होतं, त्याचा कायदा झाला नाही. म्हणजे सध्या तरी साहेबांशी आपणच बोलायचं. जो माणूस रोजच्या ऑर्डरवर पोट भरतो, ज्याचं दुकानच फोनवर आहे, त्याला हे जमणार नाही आणि त्याला कोणी उपदेशही करू नये.

बरं, पहिला दिवस जड जातो. हात आपोआप खिशाकडे जातो, रिकामं रिकामं वाटतं, चिडचिड होते. अशा वेळी हॉटेलच्या खोलीत बसू नका, संध्याकाळी खाजनाच्या बांधावर चला. दिवाडीला, चोडणला, मांडवीच्या काठाने बऱ्याच ठिकाणी ही खाजनं आहेत. म्हणजे नदीच्या खाऱ्या पाण्यापासून माती-चिखलाचे बांध घालून राखलेली जमीन, ज्यात भात पिकतं आणि मासेही मिळतात. आता इथे जरा जवळून बघा, हे बांधातलं दार. याला इथे मानस म्हणतात. लाकडी झडपा आहेत, भरती आली की पाण्याच्याच रेट्याने त्या मिटतात, ओहोटी लागली की आतल्या पाण्याने उघडतात आणि जास्तीचं पाणी नदीत जातं. कुणी बटण दाबायला लागत नाही. शेकडो वर्षं गावकऱ्यांनी मिळून हे सांभाळलं, बांध फुटला की एकट्याचं शेत बुडत नाही, सगळ्यांचं बुडतं. बाहेर नदी आहेच, ती कोणी नाकारत नाही, फक्त कुठलं पाणी किती आत घ्यायचं ते दार ठरवतं, फोनलाही आदल्या रात्री आपण असंच दार बसवलेलं असतं. इथे अर्धा तास बसलात तर झडप हलताना दिसेल, खंड्या पाण्यात सूर मारताना दिसेल, पाणी खाली गेलं की चिखलावर छोटे खेकडे बाहेर येतील. भरती रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा येते, त्यामुळे काल याच वेळी जे दिसलं ते आज दिसेलच असं नाही, आणि हे एकदा लक्षात आलं की दुसऱ्या दिवशी माणूस आपणहून परत येतो.

गोव्यातल्या गावाला स्वतःचं वेळापत्रक आहे, ते धरलं तर दिवस भरायची चिंता राहत नाही. सकाळी पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, सायकलचा भोंगा वाजतो, पों पों. पाठीमागे मोठी टोपली, वर प्लास्टिक, ते उचललं की गरम पाव, पोई, उंडे, कडक काकणं असे नाना प्रकार. पोई हातात घेतली की वरचा कोंडा बोटांना लागतो, मधून फाडली की आत पोकळी आणि वाफ. आम्ही उतरलो होतो तिथल्या काकी भोंगा ऐकला की हातातलं काम टाकून फाटकाशी जायच्या आणि पोदेराशी दोन शब्द बोलूनच परत यायच्या, कोणाच्या घरी पाहुणे आलेत, कुठल्या देवळात जत्रा आहे, आज बांगडा कसा दिला. सकाळच्या पाच मिनिटांत आख्ख्या वाड्याची खबर.

बातम्यांचं तर मुद्दाम वेगळं सांगतो. 2013 मध्ये बॉस्टन मॅरेथॉनला बॉम्बस्फोट झाले, त्यानंतर कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन इथल्या संशोधकांनी साडेचार हजारांहून जास्त लोकांना विचारलं, तेव्हा दिसलं की पुढच्या आठवड्यात रोज सहा तास किंवा जास्त त्या घटनेचं कव्हरेज बघणाऱ्यांनी सांगितलेला ताण हा प्रत्यक्ष तिथे असलेल्या लोकांपेक्षाही जास्त होता. म्हणजे घरी सोफ्यावर बसून. आपणही हेच करतो, एकच दृश्य चाळीस वेळा बघतो आणि त्याला 'अपडेट राहणं' म्हणतो. बातमीशिवाय अगदीच राहवत नसेल तर गावातल्या दुकानातून पेपर घ्या. गोव्यात मराठी पेपरची चांगली परंपरा आहे, गोमन्तक 1962 पासून, नवप्रभा 1970 पासून. पेपरला शेवटचं पान असतं हो, ते वाचून झालं की घडी घालता येते. शिवाय जत्रेच्या, गावातल्या मराठी नाटकांच्या जाहिराती त्यात सापडतात, आणि उत्सवाच्या मंडपात गावकऱ्यांनीच बसवलेलं नाटक रात्री उशिरापर्यंत बघणं हे कुठल्याही रीलपेक्षा लाख पटीने भारी, हे मी मनापासून सांगतोय.

वेळ मोकळा झाला की डोळेही मोकळे होतात. नार्व्याला सप्तकोटेश्वराचं देऊळ आहे, मूळ देऊळ दिवाडीवर होतं, पोर्तुगीजांनी ते पाडलं, देव नदीपलीकडे नार्व्याला आणला आणि 1668 मध्ये शिवाजी महाराजांनी देवळाच्या जीर्णोद्धाराची आज्ञा दिली. दारावरच्या शिलालेखात शके 1590 आणि महाराजांचं नाव आहे. लोक येतात, शिलालेखाचा फोटो काढतात आणि निघतात. खिशात हात ठेवून तो एक एक अक्षर लावत वाचून बघा, काही अक्षरं लगेच लागतात, काहींना वेळ लागतो, शेजारी पोरगा किंवा पोरगी असेल तर दोघांनी मिळून लावा. 'शिव' लागलं की पोराचा चेहरा बघण्यासारखा असतो.

फोटो काढूच नका असं मी म्हणत नाही. काढा, पण टाकायचे ते घरी पोचल्यावर. टाकले की लाइक किती आले ते बघणं आलंच, आणि मग सुट्टी त्या आकड्यांच्या मागे जाते. आणि दुसऱ्याच्या घराचाही विचार करा. पणजीत फोंताईनशमध्ये रंगीत घरांसमोर लोकांनी फोटो काढू नका म्हणून पाट्या लावल्यात, कारण आत माणसं राहतात, कोणी आजारी असतं, कोणी दुपारचं झोपलेलं असतं.

खरंच महत्त्वाचं काही घडलं तर कसं कळणार, ही भीती खरी आहे, ती मी उडवून लावणार नाही. जुलै 2024 मध्ये पेडण्याच्या बोगद्यात पाणी आलं आणि कोकण रेल्वेची वाहतूक बंद पडली, गाड्या रद्द झाल्या, वळवल्या गेल्या. पावसाळ्यात जात असाल तर निघायच्या आदल्या दिवशी गाडीचं स्टेटस जरूर बघा, पण त्याला दोन मिनिटं लागतात, त्यासाठी दिवसभर न्यूज चॅनल लागत नाही. समुद्रावर लाल बावटा लावलाय का ते जीवरक्षकाला विचारा. बाकी अडीअडचणीला 112 आहे, आणि ज्या घरात उतरलाय तिथल्या माणसांना तुमच्या आधी सगळं कळलेलं असतं.

याने फरक पडतो का? 2018 मध्ये स्टॅनफर्ड आणि न्यूयॉर्क विद्यापीठाच्या अर्थतज्ज्ञांनी अमेरिकेत फेसबुक वापरणाऱ्या सुमारे 2,700 लोकांवर प्रयोग केला, काहींना पैसे देऊन चार आठवडे अकाउंट बंद ठेवायला लावलं. रोजचा साधारण एक तास सुटला, घरच्यांबरोबरचा, मित्रांबरोबरचा वेळ वाढला, समाधान वाढलं पण थोडंसंच. बातम्यांची माहिती कमी झाली आणि राजकारणावरून टोकाला जाणंही कमी झालं. प्रयोग संपल्यावरही त्यांनी फेसबुक आधीपेक्षा कमी वापरलं. जादू नाही, पण रोजचा एक तास म्हणजे आठवड्याच्या सुट्टीत सात तास, तेवढ्यात दिवाडी आरामात पायी फिरून होते. आणि आपल्या सांगली जिल्ह्यात मोहित्यांचे वडगाव या गावाने तर 2022 पासून रोज संध्याकाळी सातला भोंगा वाजवून दीड तास टीव्ही-मोबाइल बंद ठेवायला सुरुवात केली. आख्ख्या गावाला जे रोज जमू शकतं ते चार माणसांच्या कुटुंबाला सुट्टीत का नाही जमणार.

एकट्याने करू नका मात्र. नवरा फोन बंद ठेवून बसलाय आणि बायको रील बघतेय, किंवा पोरांना 'फोन ठेव' म्हणायचं आणि आपण बाल्कनीत जाऊन मेल चेक करायचे, याने भांडणच होतं. सगळ्यांचं मिळून ठरलेलं असावं, पोरांनाही ठरवताना बसवा.

परतीच्या गाडीत अ‍ॅप्स टाकायची घाई करू नका, कोकण रेल्वेवर बोगदे इतके आहेत की नेटवर्क तसंही धरसोड करतं. घरी पोचलात की आधी आईला किंवा शेजारच्या काकूंना विचारा, आठवड्यात काय काय झालं. त्या चहाचा कप होईस्तोवर सगळं सांगून टाकतील, कोण ॲडमिट होतं, कोणाचं लग्न ठरलं, पाणी किती दिवस आलं नाही, मुंबईत-दिल्लीत काय झालं. मग ग्रुपवरचे शेकडो मेसेज न वाचता 'मार्क ॲज रेड' करा आणि बॅगेतले कपडे धुवायला टाका.