थोरली तीन किलोची, धाकटा सव्वादोनचाच: असं का होतं?

(कोल्हापुरात आशाताई आणि गरोदर महिलांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

बाळ काट्यावर ठेवलं की घरात पहिली तुलना थोरल्या भावंडाशी होते. ‘थोरली तीन किलोची होती, मग हा असा किडमिडा कसा?’ आणि हे विचारताना सगळ्यांची नजर बाळंतिणीकडे असते. मला ते फार लागतं, म्हणून आज याच प्रश्नावर बोलणार आहे.

खरं तर दुसरं बाळ सरासरीने पहिल्यापेक्षा शे-दीडशे ग्रॅम जास्तच भरतं. पहिल्या खेपेला वारेला रक्त पुरवायला गर्भाशयातल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, त्या नंतर पूर्णपणे पूर्ववत होत नाहीत. त्यामुळे दुसऱ्या बाळाला रक्त सहज मिळतं. शिवाय मुलगा मुलीपेक्षा सरासरी शंभरेक ग्रॅमनं जड असतो. म्हणजे थोरल्या बहिणीपेक्षा धाकटा भाऊ इतका हलका भरला, तर त्या नऊ महिन्यांत काय झालं ते आधी बघायला हवं.

‘आमच्या घराण्याची ठेवणच बारीक’ असं म्हणून विषय संपवू नका. 1938 साली वॉल्टन आणि हॅमंड यांनी थोराड शायर घोडे आणि बुटकी शेटलंड तट्टं यांचा संकर केला. आई शायर असली की शिंगरू मोठं जन्मायचं, आई शेटलंड असली की लहान. रक्त दोन्हीकडे तेच, फरक आईच्या पोटाचा. माणसांतही हे तपासलंय. 2010 साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका अभ्यासात पाच लाखांहून जास्त आयांची मुलं भावंडा-भावंडांत ताडून पाहिली. ज्या खेपेला आईचं वजन जास्त वाढलं, त्या खेपेचं बाळ जड निघालं.

आता आपल्याकडं या. पहिलं बाळंतपण माहेरी. डोहाळजेवण होतं, आई हातात ताट देते, दुपारी पाठ टेकायला मिळते. दुसऱ्या खेपेला कडेवर पोर, गोठ्यात म्हैस, उसाची भांगलण आणि डोक्यावर वैरणीचा भारा. तपासायला आलेल्या एका ताईंनी दोन्ही खेपांची कार्डं माझ्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवली होती. पहिल्या कार्डावर वजनाचा आकडा दर महिन्याला चढत गेलेला. दुसऱ्यावर पाचव्या महिन्यापासून जवळपास तिथंच अडकलेला, हिमोग्लोबिन नऊच्या खाली. सासूबाई शेजारीच होत्या. त्यांना मी बोलले नाही, फक्त दोन्ही कार्डं त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती बराच वेळ पाहिली.

पुण्याजवळच्या सहा गावांत 1990च्या दशकात डॉ. याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी गरोदर बायांचा मोठा अभ्यास केला. ज्या दूध, पालेभाज्या, फळं जास्त वेळा खात होत्या, त्यांची बाळं मोठी भरली. ज्यांना कष्टाची कामं जास्त होती, त्यांची लहान. मेथी-पोकळा काही महाग नाही. ताटात वाढणारं कुणीतरी हवं.

मिश्रीचं मात्र स्पष्टच सांगते. मुंबईत बाराशेवर गरोदर बायांचा अभ्यास झाला, 2004 साली प्रसिद्ध झाला. तंबाखू-मिश्री वापरणाऱ्यांची बाळं सरासरी 105 ग्रॅमनं हलकी. थोरलीच्या वेळी मिश्री नव्हती आणि नंतर जावेबरोबर सवय लागली, असं मी पुष्कळदा ऐकते. ‘दातालाच तर लावतो’ म्हणू नका, हिरडीतून ती रक्तात जाते.

दोन बाळंतपणांतलं अंतरही बघा. मूल झाल्यावर निदान दोन वर्षं पुन्हा दिवस राहू देऊ नका. अंगावर पाजून झिजलेल्या शरीराला लोह भरून काढायला वेळ लागतो. गरोदरपणी हिमोग्लोबिन अकराच्या खाली गेलं की तो रक्तक्षयच. आणि ‘कमी खा, म्हणजे बाळ लहान राहून सुटका सोपी होईल’ हा सल्ला कुणी दिला, तर ऐकू नका.

उलटही होतं. थोरलं अडीचचं आणि धाकटं चार किलोचं झालं की घरात पेढे वाटतात, पण आईची साखर वाढलेली असू शकते. 75 ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी तपासतात. 140 किंवा त्याहून जास्त आली तर उपचार लागतात.

आणि ज्यांचं बाळ अडीचच्या आत भरलंय, त्यांनी आता कुणाची चूक हे शोधत बसू नये. तासाभरात अंगावर पाजायला घ्या. मध, गुटी काही नको. बाळाला उघड्या छातीशी धरून वरून पांघरूण घाला. आई दमली असेल तर बापानं धरावं, आजीनं धरावं.